बेंदराची पोळी आणि सकाळची गोळी

पुढच्या आठवड्यात बेंदूर आहे. सांगलीच्या सरकारी रुग्णालयात आमच्या मधुमेहाच्या ओपीडीत या दिवसांत एक प्रश्न ठरलेला असतो. तपासणी झाली, गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली, की रुग्ण उठता उठता थांबतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "सायेब, सणाची एक पोळी खाल्ली तर चालंल का?" सीमेकडच्या गावांतली माणसे तर हा प्रश्न दोनदा विचारतात. त्यांचा कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठातच होऊन गेलेला असतो आणि आषाढातल्या बेंदराला सोयऱ्यांकडचे बोलावणे असतेच.

२८ वर्षांच्या नोकरीत मी या प्रश्नाला नाना तऱ्हेची उत्तरे दिली. तरुणपणी 'अजिबात नाही' म्हणत असे. मग लक्षात आले, की नाही म्हटल्याने पोळी थांबत नाही, फक्त ती मला सांगायची थांबते. मग 'अर्धी खा' म्हणू लागलो. पण दुसरा एक प्रश्न मला आजवर एकाही रुग्णाने आपण होऊन विचारलेला नाही: 'सकाळची गोळी घेतली आणि पोळी पानात पडायला दुपारचे तीन वाजले, तर चालेल का?' सणाच्या दिवशी तातडीने घात होतो तो याने. हे मी शिकलो आमच्याच घरी, कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात, आईच्या चुलीपुढे.

आई आता ७८ वर्षांची आहे. तिची पोळी ही तिच्या सासूची पोळी, आणि आजीला ती तिच्या सासूने शिकवलेली. पत्नी सांगलीची. तिच्या माहेरी तेलावरची पोळी करतात. सपिटाची सैल कणीक तेलात चांगली मुरवायची आणि तेलाच्याच हाताने पोळी पातळ पसरायची. आमच्याकडे पिठावरची. कोणती खरी, यावर लग्नाला तीस वर्षे होऊनही निकाल लागलेला नाही आणि या सदरात तो लावण्याचे धाडस मी करणार नाही.

तीन वर्षांपूर्वी अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या पुतणीने आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडच्या शेजारणीने तिला ॲपल पाय करायला शिकवला होता. शेजारणीच्या आजीच्या हातचे एक जुने कार्ड होते. त्यावर पीठ किती वाट्या, लोणी किती, सफरचंदे किती, साखर किती, दालचिनी किती चमचे, भट्टीत किती वेळ, सगळे लिहिलेले. पुतणी म्हणाली, "आज्जी, मला तुझ्या पोळीचं असं माप लिहून दे."

आई म्हणाली, "माप कसलं आलंय त्यात? डाळ तेवढा गूळ. आन् कणीक तिला लागंल तेवढी."

शेवटी ते काम माझ्याकडे आले. त्या बेंदराला मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पिशवीत घालून गावी गेलो. सवयीने बॅगेत रक्तदाबाचे यंत्र आणि ग्लुकोमीटरही होते.

आई पहाटे साडेचारला उठली. आंघोळ, देवपूजा. सात वाजता तिने बिनसाखरेच्या चहाबरोबर गोळी घेतली: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. 'नाश्त्याच्या अगोदर एक' ही सूचना तिला मीच दिलेली होती आणि ती तिने अकरा वर्षे एकही दिवस न चुकवता पाळली होती. त्या दिवशी नाश्ता मात्र नव्हता. बेंदराला बैलांना नैवेद्य दिल्याशिवाय घरातल्या बाईने तोंडात काही घालायचे नाही, हा तिचा नेम. मी भाकरी खा म्हणून मागे लागलो, तर म्हणाली, "आरं, ज्यांच्या जिवावर वरीसभर खातो, त्यांच्या आधी खायचं व्हय?" मीही गप्प बसलो. मी डॉक्टर आहे, हे त्या क्षणी माझ्या लक्षात नव्हते म्हणा किंवा सणाच्या घरात ते लक्षात ठेवायचे नव्हते म्हणा.

हरभऱ्याची डाळ शिजायला टाकली. मी अर्धा किलो मोजून दिली. आईचा एक दंडक आहे: डाळ बोटाने दाबल्यावर मेणासारखी मोडली पाहिजे, तोवर गुळाचे नाव काढायचे नाही. यात शास्त्र आहे. गुळातली साखर, त्याची किंचित आंबट प्रत आणि त्यातले कॅल्शियम यांमुळे डाळीच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन घट्ट राहते. अर्धकच्च्या डाळीत गूळ पडला, की मग तासभर शिजवा, कणी राहायची ती राहतेच. डाळ शिजली की तिचे पाणी निथळायचे. याला कुणी कट म्हणते, आमच्याकडे येळवणी म्हणतात. त्यात थोडे पुरण, खोबरे-कांद्याचे वाटण आणि घरचा मसाला पडला की येळवणीची आमटी. पुरणपोळीच्या स्वयंपाकात हीच खरी मानाची, असे माझे मत आहे. डाळीत गूळ घालून पळी उभी राहीपर्यंत आटवायचे, मग जायफळ, वेलदोडा, सुंठ, आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचे.

एक वाजला. अंगणात भाऊ बैलांची शिंगे रंगवत होता, मी तिथे उभा होतो. मिरवणूक निघून बैल घरी येईपर्यंत तीन वाजणार होते. स्वयंपाकघरातून वहिनीचा आवाज आला. आईने येळवण्याचे भरलेले पातेले मोरीत ओतून दिले होते. उभ्या जन्मात जिने वाटीभर कट वाया घालवला नाही, तिने! वहिनीने विचारले, तर आई तिच्यावरच खेकसली. हेही तिच्या स्वभावात नाही. तोंडावर घामाच्या धारा होत्या, पण चुलीपुढे घाम कुणाला येत नाही? मी आत पोचलो तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली होती, जीभ जड झाली होती. वहिनी "आत्या, आत्या" करत तुपात बुडवलेला गरम पोळीचा तुकडा तिच्या तोंडात घालत होती. नेम मोडला तर मोडला, जीव वाचू दे, हा तिचा विचार अगदी बरोबर होता. पदार्थ तेवढा चुकीचा होता.

ग्लुकोमीटरवर आकडा आला ४२.

रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, की आम्ही तिला हायपोग्लायसेमिया म्हणतो, म्हणजे साखर उतरणे. ५४ च्या खाली ती गंभीर मानतात, कारण मेंदूचे मुख्य इंधन ग्लुकोज आहे आणि त्याचा साठा मेंदूजवळ जवळपास नसतो. सुरुवातीला शरीर ओरडून सांगते: घाम, हातापायांना कंप, धडधड, भूक. पुढे मेंदू उपाशी पडतो आणि माणूस चिडतो, भलतेच बोलतो, भलतेच करतो, शेवटी बेशुद्ध पडतो. वयस्क माणसात पहिली पायरी बऱ्याचदा दिसतच नाही, सुरुवातच गोंधळापासून होते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर जातीची गोळी चालू असेल तर कंप आणि धडधड लपते, घाम मात्र येतो. म्हणून लोकांचे निदान चुकते. सणाच्या दिवशी आमच्याकडे आणलेले असे रुग्ण मी पाहिले आहेत, ज्यांना घरच्यांनी अर्धांगवायू समजले, प्यायलेला समजले आणि एकदा तर एका बाईंच्या अंगात आले असे समजून हळदीकुंकू लावून दोन तास बसवून ठेवले होते.

आईला गिळता येत होते, म्हणून मी पाण्यात चार चमचे साखर विरघळवून घोटाघोटाने पाजली. पंधरा मिनिटांनी ६१. पुन्हा तेवढेच पाणी. अर्ध्या तासाने ९० च्या वर, आणि आईने पहिला प्रश्न विचारला, "माझं येळवणी कुणी सांडलं?"

पोळीचा तुकडा का नको, हे इथे सांगायला हवे. पोळीत गूळ आहे हे खरे, पण तो डाळीत, कणकेत आणि तुपात गुंतलेला आहे. तुपामुळे जठरातून अन्न पुढे सरकायला वेळ लागतो आणि डाळीतले तंतू व प्रथिने ग्लुकोजचे शोषण आणखी सावकाश करतात. एरवी हे गुण आहेत. साखर उतरलेली असताना मात्र प्रत्येक मिनिट मोलाचे असते. तेव्हा नुसत्या पाण्यात विरघळलेली साखर किंवा ग्लुकोज पावडर, साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीन सपाट चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, ७० च्या वर नसेल तर पुन्हा द्यायचे, आणि वर आली की मग भाकरी, भात, पोळी असे काही पोटात टिकणारे. दूध, चॉकलेट, पेढा हे पहिल्या पंधरा मिनिटांचे औषध नव्हे. साताऱ्याचा कंदी पेढा माझाही आवडता आहे, पण त्याची पाळी नंतर.

एक बारीक गोष्ट अनेक डॉक्टरांकडूनही सांगायची राहते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या गोळ्या चालू असतील, तर साधी साखर आतड्यात लवकर फुटत नाही, कारण साखर फोडणारे पाचकद्रव्य अडवणे हेच या गोळ्यांचे काम. आपल्याकडे अनेक मिश्र गोळ्यांत व्होग्लिबोज असते. अशा घरात ग्लुकोज पावडरचा डबाच हवा. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरे नातवाकडून वाचून घ्या. आणि रुग्ण बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही. श्वासनलिकेत गेले तर दुसरेच संकट उभे राहते. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

आईला त्या संध्याकाळी आम्ही साताऱ्याला रुग्णालयात रात्रभर ठेवले. भाऊ म्हणत होता, आता चांगली बोलतेय, कशाला न्यायची? तिने नैवेद्यानंतर दीड पोळीही खाल्ली होती. तरी नेली, आणि रात्री अकराला साखर पुन्हा ५८ वर आली. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्यांचा असर दिवसभर टिकतो आणि मूत्रपिंड थकलेले असेल तर आणखी लांबतो. त्यामुळे या गोळीने उतरलेली साखर एकदा वर आली म्हणून निश्चिंत होऊ नये. घरी सोडलेले रुग्ण रात्री झोपेत पुन्हा खाली जातात आणि झोपेत ते कुणाच्या ध्यानात येत नाही.

रक्ततपासणीचा कागद हातात आला तेव्हा मला खरा धक्का बसला. क्रिएटिनिन १.५ होते. वर्षभर मी ते तपासलेच नव्हते. आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी होते ६.२. हा आकडा मी ओपीडीत अभिमानाने सांगायचो, "माझ्या आईचं बघा, पंचाहत्तरीत सहा पॉइंट दोन!" आज एखाद्या कनिष्ठ डॉक्टरने मला असा कागद दाखवला, तर मी त्याला विचारीन, या वयाच्या बाईला ही गोळी देऊन इतके खाली का नेले आहेस? वयस्क, अशक्त, इतर आजार असलेल्या रुग्णांत एचबीए१सी आठच्या आत असले तरी पुरते, असे आता मार्गदर्शक सूचनाच सांगतात. कारण त्या वयात साखर थोडी जास्त असल्याचा तोटा वर्षांनी दिसतो, उतरल्याचा तोटा त्याच दुपारी. आईने माझे सगळे ऐकले होते. चूक ऐकणारीची नव्हती.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न पोचले आहे की नाही, याची ती वाट पाहत नाही. सकाळी मिश्र इन्सुलिन टोचून घेतल्यावर उपाशी राहिले तरी हेच होते. नुसते मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका फार कमी. म्हणून सणाआधी आपली गोळी कोणत्या जातीची आहे, एवढे एक डॉक्टरांना विचारून ठेवा. नैवेद्याला उशीर होणार असेल तर साखर उतरवणारी गोळी सकाळी न घेता पहिल्या जेवणाबरोबर घेता येते का, किती घ्यायची, हेही विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आपल्या मनाने ते बंद करू नये. टाइप वन मधुमेहाच्या मुलांचे इन्सुलिन तर एक दिवसही बंद ठेवता येत नाही, फक्त मात्रा आणि वेळ बदलते. आणखी एक उद्योग मी दरवर्षी पाहतो: दुपारी दोन पोळ्या जास्त झाल्या म्हणून रात्री गोळी दुप्पट घ्यायची. कृपा करून हे करू नका. त्या रात्री जेवण हलके घ्या, फिरून या. वाढवलेली गोळी पहाटे वसूल करते.

आता पोळीकडे वळू, कारण मूळ प्रश्न तोच आहे आणि तो वावगाही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले त्याहून जास्त, १३ कोटींवर. एवढ्या माणसांना वर्षभराचे सगळे सण बंद, असे सांगणे हा काही उपचार होऊ शकत नाही.

माप पुढच्या बेंदराला पूर्ण झाले. अर्धा किलो डाळ, अर्धा किलो गूळ, चारशे ग्रॅम कणीक, चिमूटभर मीठ आणि पोळ्या झाल्या सोळा. म्हणजे एका पोळीत डाळ आणि गूळ प्रत्येकी ३० ग्रॅमच्या आसपास, कणीक २५ ग्रॅम, वर आई ज्याला 'जरासं' म्हणते ते तूप दोन चमचे. हिशेब केला तर एक पोळी पावणेचारशे उष्मांकांच्या घरात जाते आणि तिच्यात पचून साखर होणारी पिष्टमय द्रव्ये ५५ ग्रॅमच्या आसपास असतात. रोजच्या ३० ग्रॅम कणकेच्या चपातीत ती वीसच्या आतबाहेर असतात. म्हणजे एक पोळी जवळपास तीन चपात्यांची जागा घेते. माझ्या रुग्णांना मी आता ओपीडीत एवढेच सांगतो. कारण 'गोड आहे' म्हटले की माणूस अपराधी होतो, 'तीन चपात्या आहेत' म्हटले की हिशेब करतो.

आणि त्या हिशेबात गुळवणी धरायची असते. आमच्या भागात पोळी नुसती खात नाहीत. गूळ विरघळवलेले पाणी, त्यात दूध, वेलदोडा, आणि त्यात पोळी कुस्करून. एका वाटी गुळवणीत आईच्या हाताने २५ ग्रॅम गूळ पडतो. तो कुणाच्या हिशेबात नसतो, कारण तो 'पातळ' असतो. माझा सल्ला असा, की मधुमेही माणसाने पोळी दुधाबरोबर किंवा तुपाबरोबर खावी आणि गुळवणीला हात जोडावेत. पत्नी म्हणते, सांगलीच्या माणसाने असले लिहू नये. मी साताऱ्याचा आहे.

गुळाचे कौतुक हा आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा हळवा विषय. ओपीडीत रोज ऐकतो, "साखर पूर्ण बंद केलीय सायेब, आता फक्त गुळाचा चहा." रस्तोरस्ती गुळाच्या चहाची दुकाने झाली आहेत आणि त्यांत मधुमेही माणसे निर्धास्त बसलेली असतात. गुऱ्हाळात काहिलीवर आटवला जातो तो उसाचाच रस आणि साखर कारखान्यात जातो तोही उसाचाच. शंभर ग्रॅम गुळात ८५ ग्रॅमच्या आसपास साखरच असते, उरलेले पाणी आणि खनिजे. त्यात लोह थोडे असते, पोटॅशियम बऱ्यापैकी असते. पण त्या लोहासाठी जेवढा गूळ खावा लागेल, तेवढ्यात मधुमेह आधी हाताबाहेर जाईल. रक्तातली साखर गुळाने आणि साखरेने जवळपास सारखीच वाढते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना तर गुळातले पोटॅशियम ही आणखी एक अडचण, आणि डाळीतून उतरलेले पोटॅशियम येळवणीत असते ते वेगळेच. त्यांनी आमटीवर ताव मारण्यापूर्वी विचारावे. गूळ घ्यायचाच तर चवीसाठी घ्या, आणि पिवळाधमक नको. तो रंग पुष्कळदा हायड्रोस पावडरीचा असतो आणि त्यातल्या गंधकाच्या अंशाने काही दमेकऱ्यांना त्रास होतो. काळपट तांबूस गूळ दिसायला गरीब, पण पोळीला खमंग.

कौतुक करायचेच तर डाळीचे करा. खाल्ल्यावर रक्तातली साखर किती वेगाने वाढते, हे मोजणारा ग्लायसेमिक निर्देशांक १९८१ मध्ये कॅनडातल्या टोरोंटो विद्यापीठात डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी मांडला. त्या यादीत हरभऱ्याची डाळ अगदी तळाला सापडते. म्हणजे पुरणात निम्मा भाग अत्यंत गुणी आणि निम्मा नाठाळ. मग गूळ कमी केला तर? आम्ही करून पाहिले. अर्धा किलो डाळीला साडेतीनशे ग्रॅम गुळापर्यंत पुरण आईच्या परीक्षेत काठावर पास होते. त्याखाली ते भरभरीत होते आणि पोळी लाटताना फुटते. गूळ नुसती गोडी देत नाही, तो पुरण बांधतो. सपिटाऐवजी खपली गव्हाचे पीठ वापरले, तर आपल्या भागातली जुनी चव मिळते आणि तंतूही मिळतात. पण खपली म्हणजे मधुमेहावरचे औषध नव्हे, आणि तिच्यात ग्लुटेन असतेच, त्यामुळे सिलिॲक रोग असलेल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

पानातला क्रमही थोडा बदलून पाहा. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ मध्ये एक छोटा प्रयोग झाला. ११ मधुमेही माणसांना तेच जेवण दोन क्रमांनी दिले. एकदा पाव आणि फळांचा रस आधी, दुसऱ्यांदा भाज्या आणि कोंबडी आधी. दुसऱ्या क्रमाने तासाभरानंतरची साखर सरासरी एक तृतीयांशाहून अधिक कमी आली. ११ माणसे म्हणजे फार नव्हेत, पण करून पाहायला खर्च नाही. आपण नैवेद्याच्या पानावर पहिला घास पोळीचाच घेतो. तो देवाचा म्हणून एक घास घ्या, मग कोशिंबीर, भाजी, वाटीभर येळवणीची आमटी, आणि पोळी त्यानंतर. भात त्या दिवशी ठेवून द्या. सणाला भातावाचून अडत नाही, पोळीवाचून अडते. आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांचा आकडा बघून खूश होऊ नका. तुपाच्या जेवणाची साखर उशिरा चढते, कधी कधी तीन-चार तासांनी.

आईची गोळी त्या वर्षीच बदलली. ग्लिमेपिराइड बंद केले, साखर एकदम न उतरवणारी दुसरी गोळी सुरू केली, मेटफॉर्मिन मूत्रपिंडाच्या बेताने कमी केले. एचबीए१सी आता साडेसातच्या आसपास असते आणि मी ते कुणाला सांगत नाही. पुतणीला मापाचा कागद पोचला. तिने तिकडच्या भट्टीजवळ तो ॲपल पायच्या कार्डाशेजारी चिकटवला आहे. फक्त तिथे आमच्यासारखा गूळ मिळत नाही म्हणून तिची कुरकुर चालू असते.

उपवासाचा प्रश्न मात्र गोळी बदलून सुटला नव्हता. आईला समजावणे माझ्या शिक्षणाच्या पलीकडचे होते. तो तिढा वहिनीने सोडवला. गेल्या बेंदराला सकाळी आठ वाजता तिने गोठ्यात जाऊन बैलांना आधी ओंजळभर भिजवलेली डाळ आणि गूळ चारला, आणि येऊन आईला म्हणाली, "आत्या, त्यांनी खाल्लं, आता तुम्ही खावा." आईने थोडा विचार केला. मग दही-भाकरीची ताटली उचलून ती घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसली. का, असे मी विचारले.

"पुरणाची पोळी अजून त्यांच्या म्होरं गेली न्हाय," ती म्हणाली. "त्यांच्या नजरंसमोर कशाला खायचं?"